स्वतःच्याच सीरमची त्वचाचाचणी: करावी का, आणि करायची तर कशी?

पत्र: वय ३६. गेले दहा महिने जवळजवळ रोज अंगावर गांधी उठतात, दोनदा ओठही सुजले. रोज सेटिरिझिनची एक गोळी घेते. चुकली तर रात्रभर खाज. मध्यंतरी ॲलर्जीची मोठी रक्ततपासणी केली, त्यात सात-आठ खाद्यपदार्थ पॉझिटिव्ह आले. ते सगळे बंद केले, तरी फरक नाही. आता त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात, तुमच्याच रक्तातलं सीरम (रक्त गोठल्यावर वर येणारं पाणी) तुमच्या त्वचेत टोचून बघू, म्हणजे ऑटोइम्यून प्रकार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा, आहे का ते कळेल. त्यासाठी आठवडाभर गोळी बंद ठेवायची आहे. ही चाचणी करावी का? पॉझिटिव्ह आली तर ल्युपससारखं काही मोठं असेल का? आणि टोचल्यावर त्रास वाढला तर?

उत्तर: चाचणी करायला हरकत नाही. मात्र दोन गोष्टी जमत असतील तरच करा. गोळीशिवायचे दिवस तुम्हाला निभावता यायला हवेत, आणि ही चाचणी नेहमी करणारी माणसं तिथे असायला हवीत. यातलं एक जरी जमत नसेल तरी फार काही बिघडत नाही. निकाल काहीही आला तरी तुमच्या उपचाराची पुढची पायरी तीच राहणार आहे. तिच्याबद्दल खाली लिहिलंच आहे. आधी चाचणी नेमकं काय बघते ते समजून घ्या, म्हणजे निकाल हातात आल्यावर त्यातून भलताच अर्थ निघणार नाही.

त्वचेत मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामाइन, म्हणजे खाज आणि सूज आणणारं रसायन, साठवलेलं असतं आणि पृष्ठभागावर आयजीई प्रतिपिंडांना धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. नेहमीच्या ॲलर्जीत बाहेरून आलेला पदार्थ या आयजीईला चिकटतो आणि पेशी हिस्टामाइन सोडते. काही लोकांच्या रक्तात मात्र आयजीजी जातीची अशी प्रतिपिंडं तयार होतात, जी थेट त्या रिसेप्टरला किंवा त्यावर बसलेल्या आयजीईलाच पकडतात. बाहेरून काहीही आलेलं नसताना पेशी रिकामी होते आणि गांध उठते. अंगावर उठणाऱ्या दीर्घकालीन पित्ताच्या (अर्टिकेरियाच्या) काही रुग्णांना त्यांचंच सीरम टोचल्यावर गांध येते, हे ब्रिटनमध्ये ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. त्यामागे रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडं असतात हे १९९३ मध्ये हिडे, ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तुम्हाला सांगितलेली ऑटोलॉगस सीरम स्किन टेस्ट, म्हणजे एएसएसटी, याच निरीक्षणातून आली.

तुमची आधीची तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती, आणि तो प्रश्न तुमच्या बाबतीत मुळातच लागू नव्हता. अन्नामुळे येणारं पित्त तो पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठतं, प्रत्येक वेळी उठतं आणि दिवसभरात ओसरतं. दहा महिने रोज, काहीही खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी उठणारं पित्त त्यात बसत नाही. अशा मोठ्या यादीच्या तपासणीत एकही लक्षण नसलेल्या माणसाचेही काही आकडे वर येतात. बंद करूनही फरक पडला नाही, हेच तुमचं उत्तर आहे. डॉक्टरांशी बोलून ते पदार्थ एकेक करून पुन्हा सुरू करा. विनाकारण आहार तोडून महिनोन् महिने काढणं अंगाला आणि मनालाही सोसत नाही.

आता चाचणीची तयारी. सगळ्यात अवघड भाग हाच आहे. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांसारख्या गोळ्या साधारण ३ ते ७ दिवस आधी थांबवतात. डॉक्सेपिनचा परिणाम जास्त रेंगाळतो, त्यासाठी दोन आठवडे धरतात. गफलत होते ती दुसरीकडे. सर्दी-खोकल्याची मिश्रणं, प्रवासात मळमळ होऊ नये म्हणूनच्या गोळ्या, दुकानात सहज मिळणारी झोपेची काही औषधं, या सगळ्यांत अँटीहिस्टामाइन, म्हणजे सेटिरिझिनच्याच गटातलं हिस्टामाइन रोखणारं औषध, असू शकतं. आठवडाभर पथ्य पाळायचं आणि आदल्या रात्री खोकल्याचं औषध घ्यायचं, म्हणजे सगळी मेहनत वाया. अमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापीन अशी नैराश्यावरची किंवा झोपेसाठी दिलेली काही औषधंही त्वचेची प्रतिक्रिया दाबतात, पण ती स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका. स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा ओमॅलिझुमॅब (आयजीईला अडवणारं इंजेक्शन) चालू असेल किंवा नुकतंच झालं असेल, तर ते आधी सांगा. घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट सोबत न्या. नाव आठवून सांगण्यापेक्षा ते बरं.

सेटिरिझिनबद्दल एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल तर इथे वाचा. हे औषध किंवा लेव्होसेटिरिझिन अनेक महिने रोज घेऊन अचानक थांबवलं, तर काही लोकांना एक-दोन दिवसांत अंगभर प्रचंड खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२५ च्या मे महिन्यात यावर इशारा दिला. ही खाज औषध सुटल्यामुळे येते. आजार बळावल्याचं ते लक्षण नाही, आणि तुमचं पित्त ऑटोइम्यून असल्याचाही तो पुरावा नाही. एक गोळी चुकली तर रात्रभर खाजतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यात यातलं किती आणि पित्ताचं किती, हे सांगणं कठीण आहे. म्हणून गोळी कशी थांबवायची, एकदम की डोस उतरवत, हे तारीख ठरवण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या. ओठ, जीभ किंवा घसा सुजण्याचा इतिहास असेल तर त्या आठवड्यात काय करायचं, कुठे जायचं, हेही आधी ठरवा. तुमचे ओठ दोनदा सुजलेत, तेव्हा हे तुम्हाला लागू आहे. गोळीशिवायचे दिवस असह्य झाले तर गोळी घ्या आणि चाचणी पुढे ढकला. त्यात अपयश काही नाही.

चाचणीच्या दिवशी शिरेतून थोडं रक्त काढतात. ते साध्या नळीत घ्यायचं असतं, गोठणं लवकर व्हावं म्हणून रसायन किंवा जेल घातलेल्या नळीत नाही. ती भर स्वतःच त्वचेला चेतवू शकते. रक्त खोलीच्या तापमानाला साधारण अर्धा तास गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे ५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) बलाने १० ते १५ मिनिटं फिरवतात. वर येणारं स्वच्छ पिवळसर पाणी म्हणजे सीरम. ते लालसर दिसत असेल तर रक्तपेशी फुटल्या आहेत. अशा सीरमवर चाचणी करू नये, नवा नमुना घ्यावा.

मग हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, तीन जागा निवडतात. त्या एकमेकींपासून ३ ते ५ सेंटिमीटर लांब हव्यात, आणि गेल्या दोन दिवसांत गांध उठून गेलेली जागा टाळायची. तिथल्या मास्ट पेशी आधीच रिकाम्या झालेल्या असतात, म्हणून पॉझिटिव्ह माणूसही निगेटिव्ह दिसतो. सकाळी अंघोळीच्या वेळी हात नीट बघून ठेवा आणि कुठे उठलं होतं ते टोचणाऱ्याला दाखवा. ही माहिती तुमच्याशिवाय कोणाकडेच नसते. पहिल्या जागी ०.०५ मिली सीरम, दुसऱ्या जागी तेवढंच ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाईन आणि तिसऱ्या जागी हिस्टामाइन. हिस्टामाइन त्वचेत टोचायचं तर प्रति मिली १० मायक्रोग्रॅम तीव्रतेचं वापरतात. नुसता वरवर टोचा मारायचा असेल तर प्रति मिली १० मिलिग्रॅमचं. हे दोन आकडे हजारपटीने वेगळे आहेत, तेव्हा कुपी बदलून चालत नाही.

इंजेक्शन त्वचेच्या आत द्यायचं, त्वचेखाली नाही. इन्सुलिनच्या सिरिंजची बारीक सुई, टोकाची उघडी बाजू वर, सुई जवळजवळ आडवी. नीट बसलं तर त्या क्षणी फिकट, घट्ट फुगवटा उठतो आणि त्यावर रोमछिद्रं संत्र्याच्या सालीसारखी खळगेदार दिसतात. फुगवटा न येता औषध सहज आत गेलं, तर ते खोल गेलं. ती जागा सोडून दुसरीकडे पुन्हा टोचायला हवं. सीरम खोल आणि सलाईन वरच्या थरात, किंवा एकाचं प्रमाण जास्त आणि दुसऱ्याचं कमी, असं झालं की तुलनाच मोडते. या चाचणीचे बरेचसे चुकीचे निकाल इथेच तयार होतात. त्यासाठी कुठलं महागडं यंत्र बिघडावं लागत नाही.

आणखी एक काळजी, जिच्यात कसलीच सूट नाही: टोचलं जाणारं सीरम तुमचंच असलं पाहिजे. त्याच दिवशी आणखी कोणाची चाचणी असेल आणि नळ्यांची अदलाबदल झाली, तर रक्तातून पसरणारा संसर्ग होण्याचा धोका असतो. रक्त घेताना नळीवर तुमचं नाव आणि जन्मतारीख तुमच्यासमोर लिहायला सांगा, आणि टोचण्याआधी ते लेबल मोठ्याने वाचून घ्या. यात कोणाचा अपमान होत नाही. चांगली केंद्रं हे स्वतःहून करतात.

निकाल ३० मिनिटांनी वाचतात. फुगवट्याचा सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनात असलेला व्यास मोजून सरासरी काढतात. भोवतालची लाली मोजायची नाही, फक्त फुगलेला भाग. सीरमचा फुगवटा लालसर असेल आणि त्याची सरासरी सलाईनच्या फुगवट्यापेक्षा किमान १.५ मिलिमीटरने मोठी असेल, तर चाचणी पॉझिटिव्ह. समजा सीरमच्या जागी ९ आणि ८ मिलिमीटर, म्हणजे सरासरी ८.५, आणि सलाईनच्या जागी ५ आणि ४, म्हणजे ४.५. फरक ४, पॉझिटिव्ह. सीरम ६ आणि ५, सलाईन ५ आणि ४ असेल तर फरक १, म्हणून निगेटिव्ह, जरी डोळ्यांना सीरमची जागा मोठी दिसली तरी.

हिस्टामाइनची जागा फुगलीच नाही, तर गोळ्यांचा परिणाम अजून शरीरात आहे. त्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ निकाल निकालच नव्हे. उलट सलाईनच्या जागीही ठसठशीत लाल गांध आली, तर तुमची त्वचा नुसत्या टोचण्यालाच प्रतिसाद देते आहे. नखाने किंवा बोथट वस्तूने पाठीवर रेघ ओढल्यावर काही मिनिटांत उंच लाल वळ येणाऱ्यांमध्ये असं होतं. हे वळ तुम्हाला येतात का, ते आधीच सांगा. येत असतील तर एएसएसटीतून फारसं काही हाती लागत नाही.

आता अर्थ. पॉझिटिव्ह म्हणजे तुमच्या सीरममध्ये असं काहीतरी आहे, जे तुमच्या स्वतःच्या मास्ट पेशींना चेतवतं. ते ‘काहीतरी’ रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडंच आहेत, हे या चाचणीतून सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन आणखी पुरावे जुळावे लागतात: बेसोफिल नावाच्या रक्तपेशींवर तुमच्या सीरमचा परिणाम दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी आणि प्रतिपिंडांची थेट मोजणी. दीर्घकालीन पित्ताच्या रुग्णांपैकी एएसएसटी पॉझिटिव्ह येणारे साधारण ३० ते ५० टक्के असतात, पण तिन्ही पुरावे जुळणारे १० टक्क्यांहूनही कमी. कधीही पित्त न उठलेल्या काही निरोगी माणसांतही ही चाचणी पॉझिटिव्ह येते. म्हणून कागदावर ‘पॉझिटिव्ह’ दिसल्यावर कारण सापडलं असं धरू नका. निगेटिव्ह आली तर ऑटोइम्यून प्रकार बराच कमी शक्य वाटतो, आणि चाचणी नीट झाली असेल तर तिचा खरा उपयोग बहुधा तिथेच असतो.

ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उलटण्याच्या आजाराची, भीती या निकालावरून बाळगू नका. ऑटोइम्यून हा शब्द इथे मास्ट पेशींपुरता आहे. शरीरातले इतर अवयव गुंतलेत असं तो सांगत नाही. अशा रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतो तो थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, म्हणून टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं बघणं योग्य. ल्युपस किंवा रक्तवाहिन्यांचा दाह शोधायचा की नाही, हे लक्षणांवरून ठरतं. एकच गांध २४ तासांपेक्षा जास्त टिकते का? खाजण्यापेक्षा दुखते, जळजळते? जाताना जांभळट-तपकिरी डाग सोडते? सोबत ताप, सांधेदुखी, तोंडात वारंवार फोड आहेत? यातलं काही असेल तर ताज्या गांधीचा छोटा तुकडा काढून तपासतात, तिथे एएसएसटी कामाची नाही. हे बघायला एक सोपा उपाय आहे. एका गांधीभोवती पेनाने गोल काढा, वेळ लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्या गोलाकडे बघा. गोलातली गांध गेलेली असेल आणि नवी दुसरीकडे आली असेल, तर ते नेहमीचं पित्त आहे.

गोळी थांबवणं जमणारच नसेल, तर रक्ताच्या दोन साध्या तपासण्या बरीचशी तीच दिशा दाखवतात: एकूण आयजीई आणि थायरॉइड पेरॉक्सिडेजविरोधी आयजीजी (वर सांगितलेल्या थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांपैकी एक). आयजीई कमी आणि ही प्रतिपिंडं जास्त, अशी जोडी असेल तर ऑटोइम्यून प्रकाराची शक्यता वाढते. इओसिनोफिल आणि बेसोफिल या पांढऱ्या रक्तपेशी कमी असणंही त्याच बाजूला झुकतं, आणि इओसिनोफिलचा आकडा साध्या सीबीसीतच (रक्तपेशींच्या मोजणीतच) मिळतो. यासाठी अँटीहिस्टामाइन थांबवावं लागत नाही. तुमच्यासारख्या रुग्णाला, जिची झोप गोळीवर अवलंबून आहे, आम्ही आधी याच तपासण्या करायला सांगू, सोबत सीबीसी आणि सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या). एएसएसटी त्यानंतर, आणि तेही तिच्या निकालाने पुढचं काही ठरणार असेल तर.

पुढची पायरी, जिचा वर उल्लेख केला, ती अशी. दहा महिने रोज उठणाऱ्या पित्ताला तुम्ही दिवसाला एकच गोळी घेताय, आणि ती पुरत नाहीये. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की झोप न आणणाऱ्या नव्या पिढीच्या अँटीहिस्टामाइनचा नेहमीचा डोस पुरला नाही, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत नेता येतो. तो लागेल तेव्हा नाही, रोज घ्यायचा असतो. तेवढ्यानेही आवर बसला नाही तर ओमॅलिझुमॅबचं ३०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर ४ आठवड्यांनी, आणि त्यानंतर सायक्लोस्पोरिन, ज्यात रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या कामावर सतत लक्ष ठेवावं लागतं. चाचणीचा निकाल इथे थोडा कामी येतो. ऑटोइम्यून प्रकारात ओमॅलिझुमॅबचा परिणाम सावकाश दिसतो, काहींना कित्येक महिने लागतात, आणि सायक्लोस्पोरिनला प्रतिसाद बरा मिळतो. म्हणजे दुसऱ्या महिन्यात ‘इंजेक्शनने काही झालं नाही’ म्हणून सोडून द्यायचं की धीर धरायचा, हे ठरवताना निकाल हाताशी असलेला बरा. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने चालवणं मात्र कोणत्याही निकालाने समर्थनीय ठरत नाही. अगदीच भडका उडाला तर दहा दिवसांच्या आत संपणारा छोटा कोर्स, बस. निकाल पॉझिटिव्ह आल्यावर कोणी ‘तुमचंच सीरम दर आठवड्याला टोचून बरं करू’ असं सुचवलं, तर घाई करू नका. बनावट इंजेक्शनशी तुलना केलेल्या अभ्यासांत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही.

डॉक्टरांकडे जाताना सात दिवसांची नोंद न्या. रोज गांधींना ० ते ३ गुण (२४ तासांत २० पेक्षा कमी असतील तर १, २० ते ५० असतील तर २, त्याहून जास्त असतील तर ३) आणि खाजेला ० ते ३. आठवड्याची बेरीज ० ते ४२ मध्ये येते. डोस वाढवायचा की नाही, हे या बेरजेवरून ठरतं. फोटोही काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी बऱ्याचदा विरून जातात. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांपैकी काही घेत असाल तर तेही लिहा. बऱ्याच रुग्णांत यांनी पित्त भडकतं, आणि पॅरासिटामॉल सहसा चालतं. रक्तदाबासाठी एसीई इन्हिबिटर गटातली गोळी चालू असेल, तर ओठ सुजल्याचं सांगताना तीही नक्की सांगा.

राहिला शेवटचा प्रश्न, टोचल्यावर त्रास वाढला तर. दिलेलं सीरम थेंबभर आहे आणि ते तुमच्या अंगात आधीपासून फिरतंच आहे. टोचल्या जागी खाज, लाली, कधी दिवसभर राहणारा छोटा डाग, एवढंच बहुतेकांना होतं. गंभीर प्रतिक्रिया फार क्वचित, तरी चाचणी तातडीचं औषध हाताशी असलेल्या जागीच करावी आणि वाचन झाल्यावर थोडा वेळ तिथेच बसावं. वाचन झालं की अँटीहिस्टामाइन त्याच दिवशी पुन्हा सुरू करता येतं, त्यासाठी अहवालाची वाट बघायची गरज नाही, म्हणून गोळी सोबतच घेऊन जा. निघण्याआधी अहवालात तिन्ही जागांचे मिलिमीटरमधले आकडे आणि शेवटची गोळी कधी घेतली होती ते लिहून घ्या. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांना काहीच सांगत नाही. आणि चाचणीआधी असो वा नंतर, जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गोळी घेऊन वाट बघू नका. थेट तातडीच्या विभागात जा.